उन्हात क्लच पेडल खाली बसतं, मिस्त्री म्हणतो प्लेट टाका

केळीवाला_यावल:
रामराम मंडळी. गाडी 2004 ची डिझेल सात सीटर, हायड्रॉलिक क्लच (तारेऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा). सकाळी एकदम ओके, पण दुपारी भुसावळच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून थोडं थांबलं की पेडल पायाखाली हळूहळू नरम पडतं आणि पहिला गिअर टाकलेला असला तर गाडी आपोआप पुढे सरकते, रिव्हर्स तर करकरल्याशिवाय पडतच नाही. पटपट पंप मारला की पेडल परत वर. डबीतलं ऑइल फार कमी होत नाही. मिस्त्री म्हणतो क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळंच टाका, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. लग्नसराई तोंडावर आहे, आधी काय बघू?

तापीकाठ:
काय भो, सरळ गिअरबॉक्सच उतरवायला निघाला का तो! पंप मारून पेडल वर येतंय म्हणजे लाइनीत हवा किंवा सडकं ऑइल. क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइलच, ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट 3 (ब्रेक ऑइलचा ग्रेड) नवं असताना 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी खाल्लं की 140 पर्यंत खाली येतं, त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आणि स्लेव्ह (क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर) बसलेला इंजिनच्या झळेत. सगळं जुनं ऑइल काढ, डॉट 4 भर, हवा काढ.

पांझराकाठचा_फिटर:
ऑइल बदलाच, पण एवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय हे महत्त्वाचं. हवा असली तर पेडल पहिल्यापासूनच स्पंजासारखं लागतं. धरून ठेवल्यावर बसतंय म्हणजे बहुतेक मास्टरचा (पेडलला जोडलेल्या वरच्या सिलिंडरचा) आतला वायसर, म्हणजे रबरी सील, ऑइल मागे सोडतोय. ते फिरून डबीतच येतं म्हणून लेव्हल कमी होत नाही, आणि ऑइल तापून पातळ झालं की जास्तच सोडतो. दादा, पेडलच्या वर दांडा मास्टरमध्ये जातो तिथे बोट फिरवून बघा, मग खाली स्लेव्हचं रबरी बूट जरा मागे सरकवून आत ओल आहे का तेही बघा. आणि प्लेटचं म्हणाल तर प्लेट गेली की गाडी स्लिप मारते, चढावर टॉप गिअरला दाबल्यावर इंजिन नुसतं ओरडतं आणि स्पीड वाढत नाही. तुमचं उलट आहे, पेडल दाबूनही क्लच सुटतच नाहीये.

केळीवाला_यावल:
बघितलं. दांड्याजवळ बोटाला काळपट तेल लागलं, मॅट उचलली तर खाली पत्र्याचा रंग पोपडे धरून निघालेला. स्लेव्हचं बूट कोरडं. स्लिप अजिबात नाही, पाल घाट भरल्या गाडीनं चढते. आता नुसतं किट (आतली रबरं) टाकू का पूर्ण मास्टर?

पांझराकाठचा_फिटर:
मग मास्टरच. रंग ब्रेक ऑइलनेच खाल्लाय. किट स्वस्त पडतं पण आतल्या नळीवर रेघा किंवा गंजाचे खड्डे असले तर नवा वायसरही लवकरच फाटतो, एवढ्या जुन्या गाडीला मी पूर्ण असेंब्लीच टाकतो. बसवल्यावर पेडलला थोडा फ्री प्ले (मोकळी हालचाल) ठेवायला सांगा, दांडा एकदम टाइट केला तर ऑइल डबीत परत येत नाही आणि मग खरोखरच प्लेट जळते. हवा काढताना स्लेव्हवरच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. पेडल दाबून धरा, निपल सोडा, निपल बंद, मगच पाय उचला. धपाधप पंप मारत बसलात तर बुडबुड्यांचा फेस होतो. तरी पेडल नरम राहिलं तर स्लेव्हचा दांडा हाताने आत दाबून धरा, मागे अडकलेली हवा वर डबीत निघते. मध्ये डबी रिकामी होऊ देऊ नका.

तापीकाठ:
हे पटलं. आणि भाऊ, घाईत कोणी त्यात इंजिन ऑइल नाहीतर पॉवर स्टेअरिंगचं ऑइल टॉपअप करू देऊ नको, वायसर फुगतात, मग वरचा-खालचा दोन्ही जातात.

केळीवाला_यावल:
मास्टर जळगावहून मागवतो. तोवर चाळीसगावला लग्नाला जाऊन कन्नड घाटातून संभाजीनगर करू का?

पांझराकाठचा_फिटर:
नको. घाटात जाम लागला तर पेडल धरून उभं राहावं लागेल, आणि तुमचं नेमकं तेव्हाच बसतंय.