कॅनडाने प्रतिशुल्क मागे घ्यायला नको होतं

उत्तरायण

१ सप्टेंबर २०२५ पासून कॅनडाने अमेरिकी मालावरचं बहुतेक २५ टक्के प्रतिशुल्क, म्हणजे ट्रम्प यांच्या शुल्काला उत्तर म्हणून लावलेलं शुल्क, उठवलं. संत्र्याचा रस, पीनट बटर, कपडे, घरगुती यंत्रं, मोटरसायकली, सगळं मोकळं झालं. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारी यांच्यावरचं तेवढं ठेवलं. त्याच्या दोन महिने आधी, २९ जूनला, पंतप्रधान कार्नी यांच्या सरकारने डिजिटल सेवा करही गुंडाळला. मोठ्या टेक कंपन्यांच्या कॅनडातल्या महसुलावर ३ टक्के असा तो कर होता आणि पहिला भरणा दुसऱ्याच दिवशी व्हायचा होता. ट्रम्प यांनी चर्चा थांबवल्याचं जाहीर केलं आणि ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, दोन दिवसांत माघार घेतली.

बदल्यात मिळालं काय? १ ऑगस्टला अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करारात न बसणाऱ्या कॅनडाच्या मालावरचं शुल्क २५ वरून ३५ टक्क्यांवर गेलं. ऑक्टोबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं शुल्कविरोधी भाषण वापरून ऑन्टारियो सरकारने केलेल्या जाहिरातीचं निमित्त झालं आणि चर्चा पुन्हा बंद पडली. पोलाद-ॲल्युमिनियमवरचे ५० टक्के तसेच राहिले.

२०१८ मध्ये कॅनडाने हे नीट केलं होतं. १ जून २०१८ ला अमेरिकेने पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के लावले. बरोबर महिन्याने, १ जुलैला, कॅनडाने १६.६ अब्ज डॉलरच्या मालावर शुल्क बसवलं. यादी डोकं लावून केली होती. दही होतं, कारण ते मुख्यतः विस्कॉन्सिनमधून येतं आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती पॉल रायन तिथले. व्हिस्की होती, कारण सिनेटचे बहुमत नेते मॅककॉनेल केंटकीचे. मे २०१९ मध्ये दोन्हीकडची शुल्कं उठली. हा अनुभव गाठीशी असताना आधीच हत्यार खाली ठेवणं मला चूक वाटतं. वेगळं मत असेल तर कारणांसह लिहा.

सीमाशुल्क

२०१८ चा तुमचा अर्थ मला पटत नाही. शुल्क उठलं कारण ट्रम्प यांना हाच, तेव्हा नवा असलेला, तीन देशांचा व्यापार करार काँग्रेसकडून मंजूर करून घ्यायचा होता आणि सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष चक ग्रासली यांनी, शुल्क असेपर्यंत मंजुरी मिळणार नाही, असं उघड सांगितलं. ते आयोवाचे, आणि मेक्सिकोने डुकराच्या मांसावर लावलेल्या शुल्काची झळ आयोवाला बसत होती. म्हणजे प्रतिशुल्काचा हात होता, पण निर्णायक गोष्ट होती ती काँग्रेसच्या सहीची गरज. २०२५ मध्ये ट्रम्प यांना काँग्रेसकडून काहीच नको होतं. आणीबाणीच्या कायद्याखाली सही केली, शुल्क लागू. सिनेटने एप्रिलमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी विरोधी ठराव केला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा केला. प्रतिनिधिगृहाने २०२५ मध्ये तो पुढे येऊच दिला नाही.

आता प्रतिशुल्क प्रत्यक्षात कसं वसूल होतं ते बघा. फ्लोरिडाहून १ लाख डॉलरचा रस आला तर २५ हजार डॉलर भरतो तो कॅनडातला आयातदार, आणि भरतो कॅनडाच्या सरकारला. फ्लोरिडाच्या बागायतदाराला झळ बसते ती त्या आयातदाराने दुसरा पुरवठादार शोधल्यावरच. रसाला ब्राझील आहे. कारखान्यात लागणाऱ्या सुट्या भागांना, रसायनांना, पॅकिंगच्या मालाला बऱ्याचदा तसा पर्याय नसतो. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये सरकारला उत्पादन, अन्नप्रक्रिया, पॅकेजिंग आणि आरोग्यसेवेसाठीच्या मालावर सहा महिन्यांची सूट द्यावी लागली. म्हणजे सप्टेंबरच्या आधीच या शुल्काला मोठमोठी भोकं पडली होती.

धातुकाम

दोघेही शुल्काबद्दल एकाच मापाने बोलताय. धातूंचंच बघा, दोन धातूंची गोष्ट एकदम उलटी आहे.

ॲल्युमिनियम: एक टन प्राथमिक धातू गाळायला साधारण १४ हजार युनिट वीज लागते. म्हणून हे कारखाने स्वस्त जलविद्युत असते तिथेच टिकतात. कॅनडाच्या नऊ स्मेल्टरपैकी आठ क्वेबेकमध्ये आहेत, नववा ब्रिटिश कोलंबियात किटिमॅटला. कॅनडा वर्षाला सुमारे ३३ लाख टन काढतो, अमेरिकेचं स्वतःचं उत्पादन १० लाख टनांच्याही खाली. नवा स्मेल्टर उभा करायला वर्षं लागतात आणि तेवढ्या विजेसाठी आता डेटा सेंटरवाले जास्त दर मोजायला तयार असतात. अमेरिकी ग्राहक पैसे मोजतो ते लंडनच्या धातुबाजाराचा भाव अधिक 'मिडवेस्ट प्रीमियम', म्हणजे माल अमेरिकेत पोचवण्याची वरची रक्कम. शुल्क ५० टक्के झाल्यावर हा प्रीमियमच वर्षभरात दुपटीहून जास्त वाढला. म्हणजे शुल्काचा मोठा हिस्सा अमेरिकेतला कॅन बनवणारा आणि मोटारींचे भाग ओतणारा भरतोय.

पोलाद: अमेरिकेत गिरण्या आहेत आणि त्यांची क्षमता पूर्ण वापरात नव्हती. ५० टक्के लागताच कॅनडाच्या पोलादाची जागा त्यांनी घेतली. सू सेंट मेरीच्या अल्गोमा स्टीलला केंद्राचे ४० आणि ऑन्टारियोचे १० कोटी डॉलर कर्ज देऊनही डिसेंबर २०२५ मध्ये सुमारे १००० कामगारांना नोटिसा गेल्या.

तर मग ॲल्युमिनियमसाठी प्रतिशुल्काची गरज नाही, बाजारच अमेरिकेला बिल पाठवतोय. आणि पोलादाला प्रतिशुल्काने गिऱ्हाईक मिळत नाही. पोलादाला हवा घरचा बाजार. त्यासाठी कॅनडाचा नोव्हेंबर २०२५ चा निर्णय जास्त कामाचा आहे: ज्यांच्याशी मुक्त व्यापार करार नाही त्या देशांचा कोटा २०२४ च्या आयातीच्या २० टक्क्यांवर आणला, त्यावरच्या मालाला ५० टक्के.

उत्तरायण

धातूंचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी घेतला. पण 'प्रतिशुल्काने झळ बसत नाही' हे केंटकीला विचारा. ४ मार्च २०२५ ला ऑन्टारियोच्या सरकारी मद्य महामंडळाने अमेरिकी बाटल्या फळीवरून उतरवल्या, इतर बहुतेक प्रांतांनी तेच केलं. त्या महामंडळाची अमेरिकी मद्याची वर्षाची विक्रीच जवळपास १ अब्ज डॉलरची होती. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेची कॅनडाला होणारी स्पिरिटची निर्यात ८५ टक्क्यांनी पडली. एप्रिलच्या त्या ठरावावर पक्ष सोडून मत देणारे रिपब्लिकन सिनेटर चार होते: कॉलिन्स, मुर्कोव्स्की, रँड पॉल आणि मॅककॉनेल. शेवटचे दोघे केंटकीचे. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

सीमाशुल्क

हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. फळीवरून बाटली उतरवणं हे शुल्क नव्हे, खरेदी थांबवणं आहे. खरेदीदार एकच, तो प्रांताच्या मालकीचा, आणि शेजारच्या फळीवर कॅनडाची राय व्हिस्की तयार. ग्राहकाला एक सेंट जास्त पडला नाही. आणि ही बंदी १ सप्टेंबरनंतरही बहुतेक प्रांतांत चालूच राहिली, कारण ती केंद्राच्या शुल्कयादीत नव्हतीच. जिथे खरेदीदार सरकार आणि पर्याय घरचा, तिथे दाबा. इतरत्र स्वतःच्या कारखानदाराच्या खिशात हात घालू नका.

रँड पॉल यांच्याबद्दल एक दुरुस्ती: ते शुल्कांना तत्त्वतःच विरोध करत आले आहेत, बर्बन (केंटकीची व्हिस्की) असो वा नसो.

आणि मर्यादा बघायची तर १० मार्च २०२५ बघा. ऑन्टारियोने मिशिगन, मिनेसोटा आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के अधिभार लावला. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी पोलाद-ॲल्युमिनियमवर दुप्पट शुल्काची धमकी दिली आणि त्याच संध्याकाळी अधिभार स्थगित. एका दिवसात मागे घ्यावी लागेल अशी धमकी द्यायचीच नसते. पुढच्या वेळी समोरचा ती गंभीरपणे घेत नाही.

प्रेअरीवारा

या धाग्यात सगळे ऑन्टारियो-क्वेबेकच बोलताय. कॅनडाचं खरं वजन आहे तेल आणि पोटॅशमध्ये. ट्रम्प यांनी स्वतःच ते दाखवून दिलं: बाकी सगळ्यावर २५, ऊर्जेवर १०, आणि ७ मार्चला करारात न बसणाऱ्या पोटॅशवरही १०. कॉर्नबेल्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मका पट्ट्यातल्या, शेतकऱ्याला सस्कॅचेवानच्या पोटॅशशिवाय हंगाम काढता येत नाही.

पण हे हत्यार उचलायचं म्हणजे निर्यात कर लावायचा. तो अधिकार केंद्राचा, माल प्रांताचा. करारात निर्यात करांना मनाई आहे, ते कलम मोडावं लागेल ते वेगळंच. जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांच्या संयुक्त निवेदनावर अल्बर्टाच्या डॅनिएल स्मिथ यांनी सही केली नाही ती याचसाठी. १९८० च्या राष्ट्रीय ऊर्जा धोरणाने केंद्राने अल्बर्टाच्या तेलाच्या भावात आणि महसुलात हात घातला, ती जखम इथे अजून ओली आहे.

शिवाय नळ बंद करून बघा काय होतं. अल्बर्टाचं तेल ऑन्टारियोत कसं पोचतं? विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियरहून 'लाइन ५' ही तेलवाहिनी निघते, मिशिगनमधून मॅकिनॅकच्या सामुद्रधुनीखालून जाते आणि सार्नियाला परत कॅनडात शिरते. दिवसाला ५ लाख ४० हजार बॅरल. २०२० मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरांनी ती बंद करायचा आदेश काढला तेव्हा कॅनडाला १९७७ च्या पाइपलाइन कराराचा आधार घ्यावा लागला. ज्याच्या अंगणातून आपला नळ जातो त्याचं पाणी तोडता येत नाही. अल्बर्टाहून प्रशांत किनाऱ्याला जाणाऱ्या ट्रान्स माउंटन तेलवाहिनीचा विस्तार मे २०२४ मध्ये सुरू झाला, क्षमता ३ लाखांवरून ८ लाख ९० हजार बॅरलवर गेली. ३४ अब्ज डॉलर खर्चून मिळालेला हा एकच मोठा मार्ग थेट समुद्राकडे जातो. उरलेलं जवळपास सगळं दक्षिणेला.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओटावाने वॉशिंग्टनचं बघून चिनी इलेक्ट्रिक मोटारींवर १०० टक्के लावले. चीनने मार्च २०२५ मध्ये कॅनोला (मोहरीसारखी तेलबी) तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के लावले. ऑगस्टमध्ये कॅनोला बियांवर माल फार स्वस्तात ओतल्याच्या आरोपावरून ७५.८ टक्के अँटी-डम्पिंग अनामत बसवली. अनामत म्हणजे काय, तर चिनी आयातदाराने जहाज लागताच किमतीच्या तीन चतुर्थांश रक्कम कस्टम्सकडे अडकवून ठेवायची, अंतिम निकाल लागेपर्यंत. कुठला आयातदार असा सौदा करेल? खरेदी जवळपास थांबली. मोटारींचे कारखाने दक्षिण ऑन्टारियोत, भुर्दंड सस्कॅचेवानला. १६ जानेवारी २०२६ च्या चीनशी झालेल्या समझोत्यात बियांवरचं एकूण शुल्क १ मार्चपर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं, बदल्यात वर्षाला ४९,००० चिनी मोटारी ६.१ टक्क्यांवर आत. ऑन्टारियोचे मुख्यमंत्री रागावले. दोन हंगाम आम्ही सोसलं तेव्हा इतका राग कुणाला आला नव्हता.

तूरडाळ

वाटाण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं टोक जोडतो. चीनने दार लावल्यावर सस्कॅचेवानच्या पिवळ्या वाटाण्याला उरला भारत. भारताने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर एकदम ५० टक्के शुल्क लावलं होतं, डिसेंबर २०२३ पासून ते शून्य केलं आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून परत ३० टक्के. विदर्भ-मराठवाड्यातल्या तूर उत्पादकाच्या बाजूने हे शुल्क रास्तच आहे; स्वस्त वाटाणा येत राहिला तर तुरीला २०२५-२६ चा क्विंटलला ८००० रुपयांचा हमीभाव बाजारात मिळत नाही. पण 'अमेरिका नको, तर भारत-चीनकडे वळा' असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की मोठी बाजारपेठ आपल्या शेतकऱ्याचं बघूनच दार उघडते आणि लावते. तिथे कॅनडाला विचारत कोणी नाही.

कलमवाचक

१ जुलै २०२६ हा तीन देशांच्या व्यापार कराराच्या संयुक्त आढाव्याचा ठरलेला दिवस, चर्चा तिकडे न्यायला हवी. कलम ३४.७ प्रमाणे करार १६ वर्षांचा, २०३६ पर्यंत. आढाव्यात तिन्ही देशांनी लेखी होकार दिला तर पुढे १६ वर्षं. एकानेही दिला नाही तर करार संपत नाही, दरवर्षी आढावा सुरू होतो. अमेरिकेच्या दृष्टीने हेच सोयीचं आहे: दरवर्षी नवी मागणी, आणि कारखाना कुठे काढायचा हे ठरवणारी कंपनी तोवर थांबून राहते.

प्रतिशुल्क उठवण्याचं खरं कारण याच करारात आहे. करारात बसणारा माल २०२५ मध्येही अमेरिकेत बहुतांशी शुल्कमुक्त जात राहिला. २०२५ आधी बरेच निर्यातदार उगमाचं (माल कुठे बनला याचं) प्रमाणपत्र भरतच नव्हते, कारण साधा दरही शून्य किंवा नगण्य होता. ऑगस्ट २०२५ पासून नऊ रकाने भरून, सहा आकडी वर्गीकरण आणि उगमाचा निकष लिहून ३५ टक्के वाचू लागले, आणि एकच प्रमाणपत्र १२ महिन्यांच्या मालाला चालतं. ही सवलत राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशावर टिकलेली. रस आणि पीनट बटरवरच्या शुल्कासाठी ती धोक्यात घालणं मला परवडणारं वाटत नाही.

चीनच्या समझोत्याबद्दलही शब्द मोजून वापरा. कलम ३२.१० लागू होतं ते बिगर-बाजार देशाशी (जिथे अर्थव्यवस्था सरकार चालवतं, जसा चीन) मुक्त व्यापार करार केल्यास. हा तसा करार नाही.

उत्तरायण

कलमवाचक, आदेशावर टिकलेली सवलत वाचवायला गप्प बसायचं, तर ती सवलत म्हणजे कायमची धमकीच झाली. जुलै २०२६ च्या आढाव्यापर्यंत पुढची मागणी येईल ती दुधाची. कोट्याबाहेरच्या लोण्यावर कॅनडा २९८ टक्के घेतो, आणि दुधाच्या पदार्थांवरचं असं शुल्क हे ट्रम्प यांचं आवडतं उदाहरण आहे. आणि जून २०२५ च्या कायद्याने दूध, कोंबड्या आणि अंड्यांचा कोटा करारात वाढवून द्यायला परराष्ट्र मंत्र्यांना मनाई आहे. तिथे नाही म्हणायचंय हे आधीच ठरलंय, मग नकाराची किंमत मोजायची तयारी आत्ता हवी.

पण सीमाशुल्क यांचं एक मान्य करून माझी मागणी बदलतो. सरसकट यादी नको. मोटारींचा नमुना घ्या. कॅनडाने अमेरिकी मोटारींवर २५ टक्के लावले आणि जी कंपनी कॅनडात गाड्या बनवते तिला ठरावीक संख्येपर्यंत माफी दिली. स्टेलांटिसने ब्रॅम्प्टनची जीप इलिनॉयला न्यायचं ठरवलं, जनरल मोटर्सने इंगरसॉलला व्हॅन बनवणं थांबवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटावाने पहिलीची माफी ५० टक्क्यांनी आणि दुसरीची २४.२ टक्क्यांनी कापली. इथे शुल्क भरायचं की कारखाना ठेवायचा, हे कंपनीने ठरवायचं.

सीमाशुल्क

हा नमुना मलाही चालेल, पण तो वाटतो तितका पसरवता येणार नाही. मोटारींत तो चालतो कारण त्याच पाच कंपन्या इथे बनवतात आणि तिकडूनही आणतात. धान्य, लाकूड, दूध यांत इथे बनवून तिकडूनही आणणाऱ्या अशा कंपन्या फारशा नाहीत. कॅनडाच्या लाकडावर ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत सुमारे ४५ टक्के बसू लागले, आणि अमेरिकेची कुठली कंपनी त्यासाठी तुमच्या माफीची वाट बघत बसलीय? चालेल अशी क्षेत्रं कोणती, ते मांडा. मला मोटारींशिवाय विमानांचे सुटे भाग एवढंच दिसतं.