आधी ४८, आता ३१. भावाची तब्येत खालावली असं समजायचं का?

नाशिकची ताई
धाकट्या भावाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी जुनी फाइल काढली आणि घरात सगळे धास्तावलेत. तो अमेरिकेत शिकत असताना पहिल्यांदा आजारी पडला. स्किझोफ्रेनिया. तिथल्या २०११ च्या डिस्चार्ज कागदावर 'जीएएफ ४८' लिहिलंय. आता इथल्या डॉक्टरांच्या कागदावर 'हूडास ३१'. बाबांनी दोन्ही आकड्यांना पेन्सिलीने गोल केलेत. म्हणतात, इतकी वर्षं गोळ्या खाऊन पोरगं आणखी खालीच गेलं. मला तर तो सुधारलेला दिसतो. एकटा रिक्षाने जातो, आत्याला आपणहून फोन करतो. सिव्हिलला 'आयडियाज' नावाची तिसरीच तपासणी असते म्हणे. कुणी नीट सांगेल का?

सायकिअॅट्रिक सोशल वर्कर, पुणे
ताई, बाबांना आधी एवढंच सांगा की हे दोन आकडे एका पट्टीवरचे नाहीतच. जीएएफ म्हणजे माणसाचं एकूण कसं चाललंय याला डॉक्टर द्यायचे तो एक आकडा; त्यात १०० म्हणजे उत्तम, १ म्हणजे अगदी वाईट. हूडास रोजच्या जगण्यातल्या अडचणी मोजतं. त्यात उलट, आकडा जितका मोठा तितकी अडचण जास्त. त्यामुळे '४८ वरून ३१ वर घसरला' हे वाक्यच चुकीचं आहे.

जीएएफची मोठी अडचण अशी की लक्षणं आणि रोजचं वागणं-चालणं एकाच आकड्यात कोंबलेलं असे, आणि दोन्हींतलं जे जास्त वाईट तेच धरलं जाई. नोकरी नीट करणाऱ्या माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार असले की आकडा खाली. ४८ लिहिलं ते आवाज ऐकू येत होते म्हणून की कॉलेज सुटलं म्हणून, हे कागदावरून कळणारच नाही. अशाच कारणांमुळे २०१३ च्या डीएसएम-५ मधून, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातून, जीएएफ काढलं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं हूडास २.० सुचवलं. त्यात गेल्या ३० दिवसांत काय काय जड गेलं ते विचारतात : समजणं-बोलणं, हिंडणं-फिरणं, स्वतःची काळजी, लोकांशी जमवून घेणं, घरकाम-नोकरी, चारचौघांत मिसळणं.

एक सांगा, प्रश्न किती होते? ३६ की १२?

नाशिकची ताई
कागदावर १२ आहेत. प्रत्येकापुढे १ ते ५.

सायकिअॅट्रिक सोशल वर्कर, पुणे
मग ३१ ही शंभरपैकी नव्हे, नुसती बेरीज आहे. काहीच अडचण नसेल तरी बेरीज १२ येते, जास्तीत जास्त ६०. शंभराच्या हिशेबात बसवलं तर साधारण ४०. म्हणजे अडचण आहेच, पण बाबा समजतात तशी घसरण यातून सिद्ध होत नाही. प्रत्येक प्रश्नापुढचा आकडा बघा. खरी माहिती तिथे आहे.

सांगलीचे काका
आम्ही मुलीसाठी सिव्हिलला जाऊन आलोय. आयडियाज इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने बनवलंय, २००२ पासून सरकारी प्रमाणपत्राला तेच लागतं. चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकी ० ते ४. आजार किती काळ आहे त्याचे १ ते ४ वेगळे. एकूण २०. बेरीज ७ झाली की ४० टक्के दिव्यांगत्वाचा टप्पा येतो, आणि बहुतेक सवलती तिथूनच सुरू होतात.

माझी कळकळीची विनंती, 'आंघोळ करतो का?' याला नुसतं 'हो' म्हणून थांबू नका. आमची मुलगी करते, पण आई बादली भरून, कपडे काढून ठेवून, तीनदा हाक मारते तेव्हा. आईबापांना पोराचं उणं चारचौघांत बोलवत नाही, हे मला माहीत आहे. पण ती तीनदा मारलेली हाकसुद्धा तपासणीत धरायची असते.

नाशिकची ताई
काका, फार आभार. आणखी एकच. तो बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात सकाळी दोनेक तास बसतो. डॉक्टर म्हणतील, कामाला जातो की.

सायकिअॅट्रिक सोशल वर्कर, पुणे
लपवू नका, वाढवूनही सांगू नका. किती वेळ बसतो, गिऱ्हाइकाशी बोलतो का, गल्ल्याचा हिशेब कोण जुळवतं, बाबा नसतील त्या दिवशी दुकान उघडतो का, हे सांगा. शक्यतो बाबांनाच बरोबर न्या, दुकानातलं त्यांनीच पाहिलेलं असतं. आणि २०११ चा कागद फाइलमध्ये असू द्या. त्यातलं ४८ कामाचं नाही, पण आजार कधीपासून आहे याचा तो पुरावा आहे.