बड स्पेन्सर यांची मारामारी पाहताना मुलांना भीती का वाटत नाही?

नौपाडावासी:
नमस्कार. १९८० च्या दशकात माझे वडील ठाणे स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने कॅसेट आणत असत आणि त्यांत बड स्पेन्सर व टेरेन्स हिल या इटालियन नटांच्या जोडीचा एखादा चित्रपट हमखास असे. गेल्या रविवारी त्यांपैकीच १९७४ चा ‘वॉच आउट, वुई आर मॅड’ मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीसोबत पुन्हा पाहिला. पडद्यावर कोणी कोणावर हात उगारला की एरवी ती उशीमागे तोंड लपवते, पण हा दाढीवाला धिप्पाड बड स्पेन्सर केव्हा चिडतो याची मात्र ती अक्षरशः वाट पाहत होती. इतक्या दांडग्या माणसाचा दरारा वाटावा आणि तरी तो आपल्या घरचाच वाटावा, हे या नटाला नेमके कशामुळे साधले असावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कळव्याचा प्रेक्षक:
प्रश्न फार आवडला, कारण या नटाच्या अभिनयाविषयी फारसे कोणी गांभीर्याने बोलत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर त्यांच्या ठोशात नसून ठोशाआधीच्या थांबण्यात आहे. ते भांडण कधी उकरून काढत नाहीत. बहुतेक प्रसंगांत ते जेवत असतात किंवा आपले काम करत असतात, समोरचा येऊन आधी मारतो, ते जागचे हलत नाहीत आणि मारणाराच आपला हात चोळत मागे सरतो. मग त्यांचे डोळे किंचित बारीक होतात. त्या क्षणी चेहऱ्यावर राग नसतो, तर जेवणातून उठावे लागल्याचा वैताग असतो, आणि तो वैताग प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर आपण पाहिलेला असल्यामुळे हा माणूस परका वाटत नाही.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रहार म्हणजे वळलेली मूठ वरून सरळ डोक्यावर आणणे. भाकरीबरोबर खायचा कांदा आपल्याकडे बुक्कीने फोडतात, अगदी तसाच तो असतो: त्यात आवेश नाही, पवित्रा नाही, एकदाच आणि नेमका. समोरच्याचे डोळे फिरतात, तो क्षणभर उभाच राहतो आणि मग खाली बसतो. रक्ताचा थेंबही दिसत नाही. मुलांना भीती वाटत नाही ती यामुळे, कारण दुखावण्याची इच्छाच त्या हातात दिसत नाही.

तुम्ही पाहिलेल्या चित्रपटातच अग्निशमन दलाच्या गायकवृंदाच्या तालमीचा प्रसंग आहे. मारेकरी नेम धरून बसलेला असताना हा गृहस्थ रांगेत उभा राहून कमालीच्या गांभीर्याने सूर लावतो. त्या प्रसंगात त्यांचा हात कोणावर उठत नाही, तरी पडद्यावरून नजर हलत नाही, आणि म्हणूनच त्यांना केवळ मारामारीचा नट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ऐरोलीचा पोहणारा:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण शरीराविषयीही बोलायला हवे. यांचे मूळ नाव कार्लो पेदेर्सोली. जन्म ३१ ऑक्टोबर १९२९, नेपल्स. १९५० मध्ये त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल ५९.५ सेकंदांत पूर्ण केली आणि एका मिनिटाच्या आत हे अंतर कापणारे ते पहिले इटालियन जलतरणपटू ठरले. त्यानंतर १९५२ ला हेलसिंकी आणि १९५६ ला मेलबर्न अशा दोन ऑलिम्पिकमध्ये ते पोहले, शिवाय वॉटरपोलोही खेळले.

मी अनेक वर्षे मुलांना पोहायला शिकवतो आणि या माणसाच्या हालचालीत मला तलाव स्पष्ट दिसतो. चांगला पोहणारा पाण्याशी झटापट करत नाही, तो खांदा सैल ठेवतो, हात लांबवतो आणि जोर फक्त हवा तेवढाच लावतो. चित्रपटांत त्यांचे वजन बरेच वाढलेले असले तरी खांद्याचा तो सैलपणा शेवटपर्यंत टिकला. एका फटक्यात चार माणसे बाजूला सारताना त्यांचे पाऊल घसरत नाही की तोल जात नाही. नुसत्या जाड माणसाला हे जमत नाही. जर्मनीतील श्वेबिश ग्म्युंड या गावाने २०११ मध्ये आपल्या तरणतलावाला त्यांचे नाव दिले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ध्वनिवेडा, वाशी:
दोन गोष्टींची भर घालतो. ठोशाचा तो कडाडणारा आवाज खऱ्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा आणि कोरडा ठेवलेला असतो, त्यामुळे मार लागल्यापेक्षा ताल पडल्यासारखे वाटते. दुसरे म्हणजे, नेपल्सच्या हेलामुळे त्यांच्या बहुतेक गाजलेल्या इटालियन चित्रपटांत आवाज ग्लाउको ओनोरातो यांनी दिला आहे आणि आपण इंग्रजीत ऐकला तोही त्यांचा नव्हे. म्हणजे आपण जो माणूस ओळखतो, तो निव्वळ चेहरा आणि देह यांनी उभा केलेला आहे. मार खाणाऱ्यांचेही श्रेय विसरू नये. रिकार्डो पिझ्झुटी यांच्यासारखे स्टंट कलाकार चित्रपटामागून चित्रपट त्यांच्या हातचा मार खात आले, आणि पडणारा इतक्या जिवापाड पडतो म्हणूनच मारणाऱ्याला स्वस्थ उभे राहता येते.

नौपाडावासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तुमचे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. कांद्याची उपमा ऐकताच ते स्वयंपाकघरातून एक कांदा घेऊन आले, ताटावर ठेवून त्यांनी तो बुक्कीने फोडला आणि नातीला सांगितले की मूठ अशी सैल सोडायची, आवळायची नाही. पुढच्या रविवारी १९७० चा ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ लावायचे ठरले आहे.