उत्तर: आयबीएमची गुपितं आणि मक्तेदारी
'संगणक बनवणाऱ्या आयबीएमच्या मशीनची तांत्रिक गुपितं आयबीएमचीच, मग त्यात मक्तेदारी कसली?' हा प्रश्न रास्त आहे, पण टेलेक्स या अमेरिकी कंपनीचा आयबीएमशी झालेला खटला बघा. आयबीएमच्या मेनफ्रेमला (म्हणजे मोठ्या संगणकांना) थेट जोडता येणारे टेप आणि डिस्क ड्राइव्ह, म्हणजे माहिती साठवणारी उपकरणं, टेलेक्स स्वस्तात द्यायची. आयबीएमने आपल्या नेमक्या तशाच उपकरणांचे दर पाडले. १९७१ मध्ये सवलतीचं गाजर दाखवून ग्राहकांना एक-दोन वर्षांच्या भाडेकरारात बांधलं. १९७३ मध्ये कोर्टाने मक्तेदारीबद्दल आयबीएमला दोषी धरलं आणि (गंमत म्हणजे त्याच निकालात) माणसं फोडून गुपितं पळवल्याबद्दल टेलेक्सलाही! १९७५ मध्ये अपिलात मक्तेदारीचा ठपका उडाला, चोरीचा टिकला. ग्यानबाची मेख जोडणीतच होती. मशीनला काय जोडता येईल हे ठरवणारी आणि ते वाटेल तेव्हा बदलू शकणारी कंपनी एकच असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं?