माणूस-एप नातं: श्रेय सुरीला की जेनीला?

गाळीव_रत्न: उत्क्रांती म्हटलं की सगळे डार्विनची आरती ओवाळतात. माझ्या मते माणूस आणि एप (चिंपांझी, ओरांगउटानसारखे बिनशेपटीचे वानर) यांचं नातं दाखवायचं खरं काम चिरफाडवाल्यांचं. लंडनच्या एडवर्ड टायसन या डॉक्टरने १६९८ मध्ये चिंपांझीचं पिल्लू उघडून बघितलं (तो त्याला ओरांगउटान म्हणायचा, तेव्हा नावांचा सगळाच घोळ होता) आणि १६९९ च्या पुस्तकात ४८ बाबतीत ते माणसाच्या जवळचं, ३४ बाबतीत माकडाच्या, अशी यादीच दिली. डार्विन जन्मायच्या ११० वर्षं आधी!

अनुस्वार: यादी दिली, पण उत्क्रांती कुठे म्हणाला तो? त्याच्यासाठी तो प्राणी देवाने रचलेल्या साखळीतली माणूस आणि माकड यांच्या मधली कडी, बास. उलट १८३८ च्या मार्चमध्ये डार्विन लंडनच्या झूमध्ये जेनी नावाच्या ओरांगउटानला भेटला, रखवालदाराने सफरचंद दाखवून दिलं नाही तर बाईसाहेब पाठीवर पडून लाथा झाडत रडल्या, अगदी हट्टी पोरासारख्या, हे त्याने बहिणीला पत्रात लिहिलंय. राग, रुसवा, समज हे मेलेल्या चिंपांझीत कसं दिसणार?

गाळीव_रत्न: गोड आहे हो, पण हा काय पुरावा? झूमध्ये रोज शेकडो लोक बघायचेच की. डार्विनच्या १८५९ च्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकात तर माणसाबद्दल जेमतेम एक वाक्य, मग १८६३ मध्ये डार्विनचा पाठीराखा हक्सले याने माणसाच्या आणि एपच्या कवट्या, हातपाय, मेंदू मांडून दाखवले तेव्हा लोकांना पटायला लागलं.

अनुस्वार: आणि हक्सले भांडत कुणाशी होता? रिचर्ड ओवेनशी! इंग्लंडातला सगळ्यात मोठा शरीररचनातज्ज्ञ, त्याच्याही हातात सुरीच. तरी हिप्पोकँपस मायनर हा मेंदूचा भाग फक्त माणसातच असतो म्हणून अडून बसला. सुरी एकच आणि निष्कर्ष उलटे, म्हणजे आधी नातं मानायची तयारी लागते, ती जेनीकडे बघून येते.

गाळीव_रत्न: पण ओवेन चुकला हे सिद्ध कशाने झालं? पुन्हा चिरफाडीनेच ना.

तिखटमीठ: तुमच्यात वॉलेसला, म्हणजे डार्विनसारखाच उत्क्रांतीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडणाऱ्याला, कोणी विचारतच नाही. १८५५ मध्ये बोर्निओ बेटावरच्या सारवाकला त्याने एक ओरांगउटान मादी गोळी घालून मारली, मग तिचं पिल्लू सांभाळलं, दूध मिळेना म्हणून बाटलीने भाताची पेज पाजली, जवळजवळ तीन महिन्यांनी ते गेलं तर कातडं आणि सांगाडा जपून ठेवला. याला कुठल्या गटात टाकता?

अनुस्वार: दोन्ही. आणि खरं सांगू, हे वाचून माझी जेनीची बाजू जरा जास्तच पक्की झाली.

गाळीव_रत्न: माझी पण झाली, माझी म्हणजे सुरीची. सांगाडा शेवटी ठेवलाच ना त्याने 😀