ट्रॅक रिकामे का राहतात

'पुण्यात ट्रॅक बांधले तरी सायकलवाले रस्त्यावरूनच जातात, मग पैसे कशाला घालवायचे' हा मुद्दा अर्धाच आहे. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. घोडं अडतं ते बांधकामात.

सर्वांत मोठी चूक सोसायट्यांच्या फाटकांपाशी. तिथे दरवेळी ट्रॅक खाली उतरतो, पुन्हा चढतो. ट्रॅक सलग एकाच उंचीवर हवा आणि चढउतार गाडीने करावा; तिचा वेगही आपोआप कमी होतो. वर डांबर हवं. पेव्हर ब्लॉक खचले की ३२ मिलिमीटरच्या टायरवर बसलेल्याला प्रत्येक सांधा जाणवतो. गटाराच्या जाळीच्या फटी वाटेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक आत जातं. दुचाक्या रोखायला खांब जवळजवळ ठोकतात, तेही फुकट: स्कूटरचं हँडल सायकलपेक्षा फार रुंद नसतं, अडकते ती तीनचाकी सायकल किंवा व्हीलचेअर. तिथे दंडच हवा.

स्टँडही पुढचं चाक धरणारे नकोत. रिम वाकते, फ्रेमला कुलूप लागत नाही. उलट्या 'यू'सारखी लोखंडी कमान, दोन कमानींत मीटरभर अंतर. एका मोटारीच्या जागेत पाच कमानी, म्हणजे दहा सायकली. क्षेत्रीय कार्यालयात नुसतं 'ट्रॅक सुधारा' असा अर्ज देऊ नका, मापं लिहून द्या.