रेवस ते रेड्डी सागरी मार्गाने बाबांना न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चिपळूणचे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी चिपळूण-मुंबई रूटवर गेली. हायवेचं प्रत्येक वळण तोंडपाठ आहे त्यांना, पण समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता कधी चालवला नाही, कारण ड्युटीच तिकडे कधी लागली नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता बरे आहेत, पण पायऱ्या आणि वाळूत चालणं नको म्हणून सांगितलंय. परवा जेवताना म्हणाले, एकदा फेरीबोटीत गाडी चढवायची आहे गं. आयुष्यात माझ्याकडे त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे, त्यामुळे मला हे अगदी नीट करायचंय.

आई, बाबा आणि मी, वॅगन आर, दिवाळीनंतर निघायचं. अलिबागजवळच्या रेवसपासून सुरू करून आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चारही फेरीबोटी घेत खाली गोव्याच्या हद्दीजवळच्या रेड्डीपर्यंत, असं ६ दिवसांत बसवलंय. जमेल का? मुख्य म्हणजे गाडीत बसल्या बसल्या किंवा चार पावलं चालून समुद्र दिसेल अशा जागा कुठल्या, आणि फेरीत गाडी चढवणं अवघड असतं का? मी स्वतः कधी चढवलेली नाही.

गुहागरकर:
ताई, ६ दिवसांत नका करू. नकाशावर पाचशे-साडेपाचशे किलोमीटर दिसतं, पण प्रत्येक खाडीला आत वळायचं, घाटी उतरायची, परत चढायची, रस्ता अरुंद, तासाला ३० धरा. आणि तुमचं घर बरोब्बर मध्ये आहे की! रेवस ते गुहागर एक फेरा करा, गुहागरहून चिपळूण दीड तासावर, घरी येऊन काकांना दोन दिवस आराम द्या, मग गुहागरपासून पुढचा दुसरा फेरा. गुडघ्याचा विचार केला तर मला तरी हेच योग्य वाटतं.

फेरीचं म्हणाल तर काकांना काहीच अवघड नाही. रॅम्प ओला असतो म्हणून पहिल्या गिअरवर सावकाश न्यायची, मध्येच ब्रेक मारायचा नाही, कधी रिव्हर्समध्ये घ्यायला सांगतात तेव्हा बोटीवरचा माणूस हात दाखवेल तसं घ्यायचं, आत गेल्यावर हॅन्डब्रेक आणि गिअर दोन्ही. शनिवार-रविवार टाळा, रांग लागते. दाभोळला फेरी घेतली की चिपळूणचा मोठा वळसा वाचतो, पण तुम्ही तर फेरीसाठीच येताय.

भरती-ओहोटी घरीच काढता येते. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, म्हणजे अष्टमीला आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. थोडं पुढेमागे होतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करायची, लाटेने माणसं ओढून नेली आहेत तिथे. काकांना मात्र त्या पायऱ्या नकोतच, ते देवळापाशी बसतील, तुम्ही नि काकू जाऊन या. गाडी वाळूत घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

देवगडवाली:
गाडीतून समुद्र बघायचा तर दिवेआगर-श्रीवर्धन रस्ता आरावीवरून, आणि गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेची चढण. वर गाडी बाजूला घेऊन थांबा, दोन्ही बाजूंचे किनारे दिसतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. खाली आमच्याकडे कुणकेश्वरला देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, फार चालावं लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीत चढउतार करावी लागते, बाबांसाठी मालवणच्या धक्क्यावरून बघितलेला पुरे. पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी असं मोठ्या गावात भरून घ्या, मध्ये भरवसा नाही.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! प्रवास दोन टप्प्यांत करायचं बाबांना लगेच पटलं. दाभोळला फेरीत गाडी तेच चढवणार, माझ्याकडून फक्त रांगेपर्यंत न्यायची. आता ते कालनिर्णय घेऊन तिथ्या गुणत बसलेत. एकच राहिलं: श्रीवर्धन आणि वेळणेश्वरला तळमजल्यावरची खोली, कमोड असलेली, घरगुती जेवण मिळेल अशी कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.